ग्रीन टीतले ओट्स आणि आपले भिजवलेले पोहे

प्रति,
मा. संपादक महोदय,
यांस सप्रेम नमस्कार.

विषय : रविवार पुरवणीतील 'ग्रीन टी ओव्हरनाइट ओट्स' या कृतीत दुरुस्ती करण्याबाबत

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत न्याहारीसाठी 'ग्रीन टी ओव्हरनाइट ओट्स' ही कृती चौकटीत छापून आली. कृती अवघ्या चार ओळींची होती. वाटीभर ओट्स घ्यावेत, त्यांवर उकळता हिरवा चहा ओतावा, दूध आणि दोन मोठे चमचे मध घालून रात्रभर झाकून ठेवावे, सकाळी खावे आणि मुलांच्या डब्यातही द्यावे, असे त्यात म्हटले होते. खाली वजन उतरते, साखर आटोक्यात राहते आणि शरीरातील विषद्रव्ये निघून जातात, असे तीन दावेही होते. मी हा पदार्थ गेले आठ-नऊ महिने आठवड्यातून तीन-चारदा करते आहे, त्यामुळे पदार्थाविषयी माझी काहीच तक्रार नाही. तक्रार आहे ती त्या चार ओळींविषयी, कारण त्या जशाच्या तशा पाळल्या तर सकाळी हाती येतो तो कडू, गिळगिळीत आणि उन्हाळ्याच्या दिवसांत बहुधा आंबूस वास मारणारा लगदा.

हे मी अनुभवाने लिहिते, कारण पहिल्या दिवशी मीही नेमके असेच केले होते. माझ्या यजमानांनी एक चमचा तोंडात घेतला, वाटी अलगद बाजूला सरकवली आणि "पाडवा अजून लांब आहे ना?" एवढेच विचारले. कडुलिंबाची आठवण व्हावी इतका तो चहा कडवट झाला होता. त्यानंतर चार-पाच वेळा फसत फसत मला जे उमगले, ते इतर वाचकांच्या उपयोगी पडावे म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहिते आहे.

सर्वांत आधी ओट्स म्हणजे काय हे इंदूरच्या मराठी माणसाला सांगायचे तर 'ओटाचे पोहे' याहून नेमका शब्द मला सुचत नाही. भात भिजवून, गरम करून, कांडून किंवा दाबून चपटा केला की त्याचे पोहे होतात, आणि ओटाचे टरफल काढून तो दाणा वाफवून रुळांखाली दाबला की त्याचे रोल्ड ओट्स होतात. दोन्हींत दाणा उष्णतेतून एकदा गेलेला असल्यामुळे पुन्हा चुलीवर न चढवता नुसता भिजवला तरी तो खाण्याजोगा मऊ होतो. ज्या शहरात पोह्यांचे पातेले भल्या पहाटे उकळत्या पाण्यावर चढते, बडीशेपेचा वास गल्लीभर पसरतो आणि शेव, कांदा आणि जीरावन म्हणजे वरून भुरभुरायचा मसाला, यांवाचून पोहे पोहेच वाटत नाहीत, त्या शहरातील वाचकाला ओट्स कसे भिजवावेत हे परदेशी शब्दांत समजावून सांगावे लागावे, याचे मला थोडे हसूच येते. दडपे पोहे करताना आपण पातळ पोहे घेतो आणि कांदेपोह्यांना जाड, कारण पातळ पोहे पाण्याने भिजवले की हातात पीठच राहते. ओट्सचेही तसेच आहे. 'इन्स्टंट' किंवा 'क्विक' म्हणून मिळणारे ओट्स हे पातळ पोहे समजावेत, ते रात्रभरात पार विरघळून जातात. 'रोल्ड' म्हणून मिळणारे ओट्स हे जाड पोहे, आणि या पदार्थाला तेच हवेत. 'स्टील-कट' म्हणून जे मिळतात त्या ओटाच्या कण्या असून रात्रभर भिजवूनही त्या दाताखाली टणक लागतात. आपल्या कृतीत नुसते 'ओट्स' असे छापले होते, त्यामुळे निम्म्या घरांतील प्रयोग दुकानातच फसला असणार.

रात्रभर भिजवणे ही हल्लीची फॅशन आहे असे माझ्या जाऊबाई म्हणतात, पण तेही खरे नाही. स्वित्झर्लंडमधील झुरिक शहरात मॅक्सिमिलियन बिर्खर-बेनर (१८६७–१९३९) नावाचे डॉक्टर होते. त्यांनी १९०० सालाच्या सुमारास आपल्या रुग्णांसाठी जो पदार्थ रूढ केला, त्यात चमचाभर ओट्स थोड्या पाण्यात सुमारे बारा तास भिजवून त्यात किसलेले सफरचंद, लिंबाचा रस, आटवलेले गोड दूध आणि सुक्या मेव्याची पूड घालत असत. पुढे जगभर 'म्यूसली' म्हणून जे पसरले त्याचे मूळ हेच. आणि धान्यावर चहा ओतणे यातही नवलाचे काही नाही. जपानमध्ये उरलेल्या भातावर गरम हिरवा चहा ओतून, वर काहीतरी खारट घालून खाण्याची जुनी रीत असून त्याला ओचाझुके म्हणतात. आपल्याकडे शिळी भाकरी ताकात कुस्करून खाणारी माणसे माझ्या माहेरी होतीच, आणि गोकुळाष्टमीचा काला तर सगळ्यांनाच ठाऊक आहे. म्हणजे यजमानांनी बाजूला सारलेल्या त्या वाटीत परके असे काही नव्हते. चूक चहा करण्यात झाली होती.

त्या चहाविषयी मात्र थोडे थांबून लिहावे लागेल. आपल्याकडचा चहा उकळण्याचा आहे, आले-वेलदोडा घालून दुधासकट खदखदा उकळल्याशिवाय आपल्याला तो चहा वाटत नाही, आणि काळ्या चहाच्या दाणेदार भुकटीला ते सोसतेही. हिरव्या चहाची पाने तोडल्यावर लगेच वाफवून किंवा कढईत परतून वाळवतात, त्यामुळे ती काळ्या चहासारखी हवेने काळवंडत नाहीत आणि त्यांतील कॅटेचिन नावाची तुरट द्रव्ये बहुतांशी जशीच्या तशी राहतात. उकळते पाणी ही द्रव्ये आणि कॅफिन भराभर ओढून घेते, म्हणून तो चहा कडू होतो. पाणी ७५ ते ८० अंशांचे असावे आणि पाने त्यात दोन-तीन मिनिटांहून अधिक राहू नयेत. घरात तापमापक नसला तरी अडत नाही. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंचावर असल्यामुळे इथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते. अशा उकळत्या पाण्याच्या तीन वाट्यांत साध्या पाण्याची एक वाटी मिसळली की ८० अंशांच्या जवळपासचे पाणी तयार होते. मी हे हिशेबाने काढले आणि नंतर नातवाच्या प्रयोगवहीसाठी आणलेल्या तापमापकाने पडताळूनही पाहिले.

पाण्याची आणखी एक गोष्ट इंदूरकरांनाच सांगण्याजोगी आहे. आमच्या घरी नर्मदेचे पाणी नळाला येते आणि ते नसेल तेव्हा बोअरिंगचे वापरावे लागते. बोअरिंगचे पाणी जड असल्यामुळे त्यात केलेला चहा मळकट दिसतो, वर तवंग धरतो आणि चवीला बोथट लागतो. या पदार्थात चहाला झाकायला मसाला नसल्यामुळे तो फरक लगेच जाणवतो. त्यामुळे चहापुरते तरी नर्मदेचे किंवा गाळणयंत्राचे पाणी घ्यावे.

चहा झाल्यावर तो पूर्णपणे गार होऊ द्यावा, ही गोष्ट कृतीत असायलाच हवी होती. गरम चहा ओट्सवर ओतला तर ओट्स भिजत नाहीत, शिजतात, आणि त्यांची पेज होते. मी दुधाऐवजी दही घालते, त्या दह्यावर ओतला तर दही फुटून पाणी वेगळे होते. ज्यांना एवढे थांबण्याचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी मला अलीकडे सापडलेला, आणि आता माझ्या आवडीचा झालेला, मार्ग असा की पाने मलमलीच्या छोट्या पुरचुंडीत बांधून ती गार पाण्यासकट ओट्समध्येच ठेवावी आणि बरणी थेट फ्रिजमध्ये घालावी. गार पाणी कडवटपणा आणि कॅफिन सावकाश आणि कमी ओढते, त्यामुळे सकाळी चहाचा सुगंध राहतो आणि जिभेला तुरटपणा जेमतेम कळतो. सकाळी पुरचुंडी पिळून काढून टाकायची.

इथे एक गंमत नोंदवते. आपण कृतीत मथळ्यात 'ग्रीन टी' आणि मजकुरात 'हिरवा चहा' असे दोन शब्द वापरले आहेत. आमच्या शेजारच्या वहिनींनी 'हिरवा चहा' म्हणजे गवती चहा असे समजून परसातील चार पाती उकळून, गार करून त्यात ओट्स भिजवले आणि वाटी मला चाखायला आणून दिली. खरे सांगायचे तर ती माझ्या वाटीपेक्षा चवदार होती. परंतु गवती चहा ही गवताची एक जात आहे, चहाच्या झुडपाशी तिचा काही संबंध नाही आणि तिच्यात कॅफिनही नाही. ज्यांना कॅफिन सोसत नाही किंवा द्यायचे नाही, त्यांच्यासाठी वहिनींची चूक हाच उत्तम पर्याय आहे. मात्र छापताना दोन शब्दांतील भेद स्पष्ट हवा. खरा हिरवा चहा परदेशातूनच येतो असेही नाही. हिमाचल प्रदेशातील कांगडा खोऱ्यात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून चहा होतो, तिथला हिरवा चहा प्रसिद्ध आहे आणि कांगडा चहाला २००५ साली भौगोलिक मानांकनही मिळाले आहे.

आता प्रमाण. 'वाटीभर' या शब्दाने काही कळत नाही, कारण आमच्या घरातच तीन मापांच्या वाट्या आहेत. एका माणसासाठी मी ४० ग्रॅम रोल्ड ओट्स, १२० मिलिलिटर गार झालेला हिरवा चहा आणि ६० ग्रॅम ताजे, आंबट नसलेले दही घेते. चहासाठी २ ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर पाने आणि १५० मिलिलिटर पाणी घ्यावे, कारण पाने थोडे पाणी पिऊन घेतात. चिमूटभर मीठ घालावेच, त्याशिवाय ओट्स मचूळ लागतात. एखादा चमचा सब्जा घातला तर दाटपणा चांगला येतो, आणि त्यासाठी महागाचे चिया आणण्याची गरज नाही. दोन-तीन थेंब लिंबू पिळले तर चहाचा रंग रात्रभरात तितकासा तपकिरी होत नाही. दह्याऐवजी दूध घालायचे असेल तर लिंबू टाळावे हे सुगरणींना सांगायला नको. हे सारे काचेच्या किंवा स्टीलच्या झाकणाच्या भांड्यात ढवळून किमान सहा तास फ्रिजमध्ये ठेवायचे. फळे सकाळीच घालावीत, रात्री घातली तर केळे काळे पडते. बुऱ्हाणपूरकडची केळी वर्षभर मिळतात, पण या तुरट चवीला माझ्या मते पेरू सर्वांत शोभतो. थंडीत आमच्या गल्लीत 'जाम, जाम' (इकडे पेरूला जाम म्हणतात) अशी हाळी आली की मी दोन घेऊन ठेवते. पेरूचे आणखी एक कारण पुढे येईलच.

यजमानांना अखेरीस हा पदार्थ आवडला तो मात्र गोड नव्हे. मध-फळे न घालता, आल्याचा कीस, भाजलेले तीळ, मीठ आणि वरून जिरे-हिंगाची फोडणी घालून दिल्यावर त्यांनी वाटी संपवली आणि 'दहीपोहेच की' असा निकाल दिला. जीरावन घालून पाहिले, ते मात्र चहाशी अजिबात जमत नाही.

'झाकून ठेवावे' या दोन शब्दांबद्दल माझा आक्षेप अधिक गंभीर आहे. कुठे ठेवावे ते कृतीत नाही. माळव्याच्या रात्री गार असतात असा लौकिक आहे, 'शब-ए-मालवा' म्हणून त्यांचे कौतुक होते, आणि माझ्या सासूबाई दुधाचे पातेले गच्चीकडच्या खिडकीत ठेवून निभावून नेत असत. परंतु आता मे महिन्यात दिवसा पारा चाळिशी ओलांडतो आणि रात्री स्वयंपाकघराच्या भिंती गरम लागतात. ओले धान्य आणि दूध-दही यांत ५ ते ६० अंशांच्या दरम्यान जिवाणू झपाट्याने वाढतात. शिजलेले अन्न दोन तासांहून अधिक बाहेर ठेवू नये, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एक तासच, असा जो नियम आहे तो या पदार्थालाही तितकाच लागू पडतो. त्यामुळे तो ४-५ अंशांच्या फ्रिजमध्येच ठेवावा आणि दोन दिवसांत संपवावा. याच कारणासाठी मुलांच्या डब्याची सूचना मला धोक्याची वाटते. सकाळी सातला भरलेला डबा साडेदहाच्या मधल्या सुटीत उघडतो, आणि तोवर तो वर्गातल्या उकाड्यात दप्तरात असतो. शिवाय कपभर हिरव्या चहात साधारण ३० मिलिग्रॅम कॅफिन असते. मोठ्यांना ते किरकोळ आहे, परंतु लहान मुलांना सकाळी सकाळी कॅफिन देण्याचे काहीच कारण नाही. मुलांसाठी वहिनींचा गवती चहा घ्यावा आणि तो पदार्थ घरीच खाऊ घालावा.

राहिले तीन दावे. ओट्सविषयी जे खरे आहे ते पुरेसे चांगले आहे, त्याला फुगवण्याची गरज नाही. ओटात बीटा-ग्लुकन नावाचा विद्राव्य तंतू असतो, तो पोटात चिकट होऊन पित्ताम्लांना धरून बाहेर नेतो आणि ती पुन्हा तयार करण्यासाठी यकृत रक्तातील कोलेस्टेरॉल वापरते. दिवसाला ३ ग्रॅम बीटा-ग्लुकन घेतल्यास कोलेस्टेरॉल कमी होण्यास मदत होते, आणि अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ सालीच ओट्सवर तसा उल्लेख करण्यास परवानगी दिली. मात्र ४० ग्रॅम ओट्समध्ये ते साधारण दीड ग्रॅमच असते, म्हणजे एका वाटीने निम्मेच काम होते, हेही सांगायला हवे. हिरव्या चहाने वजन उतरते या दाव्याची कॉक्रेन या संस्थेने २०१२ साली अनेक चाचण्या एकत्र करून छाननी केली, तेव्हा उतरलेले वजन इतके थोडे होते की त्याला व्यवहारात अर्थ नाही असाच निष्कर्ष निघाला. विषद्रव्ये काढण्याचे काम मूत्रपिंडे आणि यकृत करतात, त्यांना न्याहारीची वाट पाहावी लागत नाही. साखरेबाबत तर कृतीच दाव्याच्या विरुद्ध आहे, कारण दोन मोठे चमचे मधात सुमारे ३४ ग्रॅम साखर असते, म्हणजे चहाचे सात-आठ चमचे. एवढी साखर घालून 'साखर आटोक्यात राहते' असे म्हणायचे असेल, तर पोह्यांबरोबर जलेबी खाणाऱ्या इंदूरकराला नावे ठेवण्याचा अधिकार आपण गमावतो.

कृतीत नसलेली, पण माझ्या वयाच्या बायकांना फार गरजेची एक सूचना अशी. चहातील तुरट द्रव्ये धान्य-भाज्यांमधील लोह शरीरात नीट शोषू देत नाहीत. ज्यांचे हिमोग्लोबिन कमी आहे त्यांनी हा पदार्थ रोज खाऊ नये, खाल्ला तर सोबत पेरू, आवळा किंवा संत्रे घ्यावे, कारण 'क' जीवनसत्त्व ही अडचण बरीच कमी करते, आणि लोहाची गोळी तर या न्याहारीपासून दूरच ठेवावी. रात्रभर भिजवल्याने ओटातील लोहाला धरून ठेवणारे फायटेट नावाचे द्रव्य निघून जाते व लोह मोकळे होते असे हल्ली सर्रास सांगितले जाते, पण ते काम करणारे विकर (एन्झाइम) ओटात मुळातच कमी असते आणि दाणा वाफवताना तेही निकामी होते, म्हणून त्यावर विसंबू नये. थायरॉइडची गोळी मी स्वतः घेते. ती रिकाम्या पोटी साध्या पाण्याबरोबर घेऊन अर्धा ते एक तास थांबायचे असते, कारण ओट्सचा तंतू, दह्यातील कॅल्शियम आणि चहा हे सगळेच तिच्या वाटेत येतात. तयार वाटी फ्रिजमध्ये समोर दिसत असली की हा अर्धा तास पाळणे कठीण जाते, असा माझा अनुभव आहे. पूर्वी पोहे भिजवून, फोडणी करून होईपर्यंत तो आपोआप पाळला जाई.

पुढील रविवारी जागा असेल तर ही कृती प्रमाणासह पुन्हा छापावी अशी विनंती आहे. तेवढी जागा नसेल तर निदान 'उकळता' या शब्दाच्या जागी 'पूर्ण गार केलेला' असे घालावे, 'झाकून ठेवावे' याच्या जागी 'फ्रिजमध्ये ठेवावे' असे करावे, 'ओट्स' च्या आधी 'रोल्ड' हा शब्द लिहावा आणि मुलांच्या डब्याचा उल्लेख काढून टाकावा.

आपली विश्वासू,
एक जुनी वाचक,
रामबाग, इंदूर